घट्ट कुरळे केस : घडण आणि निगा

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत केसांवर बोलावे, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मजुरीचा दर, उचल, मुकादमाचा हिशेब, कारखान्याकडील थकबाकी हे आमचे नेहमीचे विषय. परंतु ज्या ऊसतोड टोळ्यांत आमच्या आयुष्याची तीस वर्षे गेली, त्यांत पुरुषाच्या खांद्याला खांदा लावून बाई राबते, आणि तिच्या व तिच्या पोरींच्या केसांपायी काय काय घडते हे आम्ही जवळून पाहिले आहे. केसांपायी एखाद्या मुलीची शाळा सुटते असे म्हटले तर शहरातला श्रोता हसेल. तो हसू नये एवढ्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो.

कुरळे केस म्हटले की आपल्याला नाटकातला बाळकृष्ण आठवतो. आम्ही बोलणार आहोत ते तसल्या लडिवाळ कुरळेपणाविषयी नव्हे. बोलपेनातली स्प्रिंग असते ना, तशी मुळापासून टोकापर्यंत वळत गेलेली बारीक घट्ट वेटोळी ज्या केसांना असतात, ते हे केस. आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांचे केस असे असतात. आपल्याकडेही गावोगाव एकदोन घरांत असे केस सापडतात, आणि अशा पोरीला गावाने ठेवलेले नाव ठरलेले असते : झिपरी.

आफ्रिकेचे नाव निघाले म्हणून सांगतो, ती भूमी आपल्या जिल्ह्यापासून वाटते तितकी दूर नाही. परंड्याचा किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला असतो. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीची गादी मुर्तजाला देऊन जिने परंड्यातून पुन्हा उभी केली, त्या फळीचा म्होरक्या मलिक अंबर हा हबशी होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला आलेला हा पुरुष १६२६ साली वारला तोवर मोगलांना त्याने दख्खन सुखाने भोगू दिली नाही. त्याची चित्रे आहेत, पण सगळ्यांत डोक्याला पागोटे. केस काही दिसत नाहीत. जंजिऱ्याचे सिद्दी सर्वांना ठाऊक आहेत. आणि आजही खानापूरपासून हल्याळ, यल्लापूर, अंकोल्यापर्यंतच्या रानात सिद्दी वाड्या आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि त्यांच्या तोंडची कोकणी मराठी माणसाला सहज कळते. कर्नाटकातल्या या लोकांना २००३ साली अनुसूचित जमातींत घेतले गेले, आणि २०२० साली शांताराम सिद्दी हे त्यांच्यापैकी पहिले गृहस्थ विधान परिषदेत गेले. इतके होऊनही बसमध्ये शेजारी बसलेला माणूस त्यांना ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ म्हणून विचारतोच, आणि त्या प्रश्नामागे निम्मे कारण केस असतात.

आता घडण पाहू. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. सरळ केसाचे आणि घट्ट कुरळ्या केसाचे प्रथिन एकच असते. सुतात फरक नाही, फरक पिळात आहे. केस ज्या नळीतून उगवतो तीच वाकडी असते. सरळ केस आडवा कापला तर तो जवळजवळ गोल दिसतो, घट्ट कुरळा केस चपटा, लंबगोल दिसतो. दोर वळणाऱ्याला हे लगेच समजेल : चपट्या पट्टीला पीळ दिला की ती ठिकठिकाणी मुरडते, आणि जिथे मुरडते तिथेच ताण पडून तुटते. हे केस मुळात दुबळे नसतात. त्यांना प्रत्येक वळणावर एक कमजोर जागा असते एवढेच.

दुसरी गोष्ट तेलाची. डोक्याच्या कातडीतून नैसर्गिक स्निग्ध पदार्थ पाझरतो. सरळ केसावरून तो खाली ओघळतो, म्हणून सरळ केस चार दिवसांत तेलकट दिसतो. वेटोळ्यांवरून तो उतरत नाही, मुळाशीच राहतो. त्यामुळे घट्ट कुरळा केस मुळाशी ठीक आणि टोकाकडे कोरडा ठणठणीत. बाजारात मिळणारा शाम्पू तेलकटपणा काढण्यासाठी बनविलेला. तो अशा केसांना रोज लावणे म्हणजे कोरडवाहू रानात आणखी नांगरट करून ओल उडविणे होय.

तिसरी गोष्ट वाढीची. ‘हिचे केस वाढतच नाहीत’ अशी आईची तक्रार असते. केस वाढतात, कोणाचाही केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, असे केस किंचित कमी. परंतु वेटोळ्यांमुळे हातभर केस वीतभर दिसतो, आणि टोके तुटत राहिली तर वाढ दिसणारच नाही. मग आई चिडून करकचून वेणी घालते. कपाळाच्या कडेचे केस त्या ओढीने वर्षानुवर्षे उपटले जाऊन तिथे कायमचे टक्कल पडू शकते. वेणी घालावी, खुशाल घालावी. आफ्रिकेतल्या बायका डोक्याला चिकटून, पाभरीने काढलेल्या तासांसारख्या ओळीने वेण्या घालतात आणि त्या आठवडे टिकतात. पण वेणी घातल्यावर डोके दुखत असेल तर ती वेणी चुकली.

एवढी घडण ध्यानात घेतली की निगेचे सूत्र आपोआप हाती येते : ओल आत ठेवायची, धुताना कमी खरवडायचे, ओढाताण टाळायची. अमेरिकेत यासाठी दुकानेच्या दुकाने भरलेली असतात. आपल्या कळंब-भूम-वाशीच्या बाजारात काय मिळते? शाम्पूची पुडी, सुवासिक तेलाची बाटली आणि अंगाचा साबण. तेव्हा घरात आणि रानात काय आहे ते पाहावे हे बरे.

आधी पाण्याचे बोलू, कारण आपल्या जिल्ह्यात प्रत्येक गोष्ट अखेर पाण्यापाशी येते. बोअरचे पाणी जड असते. हंड्याच्या आत पांढरा थर बसतो तोच त्याचा पुरावा. या पाण्यातल्या चुन्याशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. सरळ केसावरून तो काही अंशी वाहून जातो, वेटोळ्यांत अडकून बसतो. केस राठ होतात, मग आणखी साबण लावला जातो, म्हणजे आणखी साका. हे चक्र थांबविणारी वस्तू किराणा दुकानात पडून असते, ती म्हणजे रिठा. रिठ्यातले फेस करणारे द्रव्य साबणाच्या जातीचे नाही. जड पाण्यात त्याचा साका होत नाही. आठदहा रिठे बिया काढून तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी उकळून फडक्यातून गाळावेत. डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबतो. रिठाही केस कोरडे करतोच, म्हणून आठवड्यातून एकदा पुरे. शिकेकाई त्याहून सौम्य. मात्र तिची भुकटी घट्ट कुरळ्या केसांत कधी घालू नये. ती निघत नाही, दोनदोन दिवस डोक्यातून झडत राहते. काढा करून, गाळून वापरावी. शेवटच्या तांब्यात अर्धे लिंबू पिळले तर आधीचा साका सुटण्यास मदत होते. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी धरले तर त्यासारखे दुसरे नाही.

पाणी किती लागते? २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात बसून ‘भरपूर पाण्याने धुवा’ असा उपदेश करणे आम्हांस शोभणार नाही. केसांचे चार भाग पाडून बांधावेत आणि एकेक भाग सोडून धुवावा. एका बादलीत काम होते. सगळे केस एकदम मोकळे सोडले तर दोन बादल्या जातात आणि गुंता होतो तो निराळाच.

तेलाविषयी लोकांत पुष्कळ श्रद्धा आहे, थोडे ज्ञानही असावे. मुंबईत आरती रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसातील प्रथिनांची झीज कमी करणारे तेल त्यांत एकटे खोबरेल ठरले. कारण असे की त्यातली लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असल्यामुळे ती केसाच्या आत शिरते; बाकीची तेले वरवर बसतात. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल चोळावे. धुतल्यावर ओल कोंडून ठेवण्यासाठी वरवर बसणारे तेल उपयोगी : आपल्याकडचे करडईचे घाण्याचे तेल चालते, एरंडेल अगदी थेंबभर. हे तेल ओल्या केसावर लावायचे, कोरड्यावर नव्हे. कोरड्यावर लावले तर कोरडेपणाच कोंडला जातो. सुवासिक बाटलीच्या मागचे बारीक अक्षर वाचावे. तिथे ‘लाईट लिक्विड पॅराफिन’ लिहिलेले असेल तर आपण खनिज तेलाचे पैसे देत आहोत असे समजावे.

आणि आता जवस. या एका वस्तूसाठीही आम्ही हे भाषण दिले असते. जवसाची चटणी खाऊन वाढलेला हा मुलूख. पूर्वी निळ्या फुलांचे जवसाचे पट्टे ज्वारी-करडईच्या कडेने दिसत, आता सगळीकडे सोयाबीन. या जवसाच्या सालीत चिकट द्रव्य असते. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवावेत. अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट झाले की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. गार झाल्यावर गाळू म्हणाल तर फडके फाटेल, लगदा निघणार नाही. हा लगदा ओल्या केसाला लावला की केस निसरडे होतात, कंगवा अडत नाही, आणि वाळल्यावर वेटोळी सुटी व नीट बसतात. परदेशात हाच लगदा शिशीत भरून महाग विकतात. उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो, तेव्हा थोडाच करावा. जास्त थापला तर वाळून पांढरे पापुद्रे सुटतात. जवस नसेल तर भेंडी उकळून, मेथी भिजवून किंवा जास्वंदाची पाने कुस्करून तसलाच बुळबुळीत रस निघतो. गुऱ्हाळात रसाची मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालतात हे आमच्या ऊसतोड बायांना ठाऊकच असते; त्याच गुणाचा हा दुसरा उपयोग. कोरफडीचा गरही चांगला, फक्त पान कापून उभे ठेवून पिवळा चीक गळू द्यावा, तो खाजतो.

विंचरण्याची गोष्ट सरळ केसांच्या उलटी आहे. सरळ केस ओला असताना ताणला की लवकर तुटतो, म्हणून आजी सांगते, ओले केस विंचरू नकोस. घट्ट कुरळा केस कोरडा विंचरणे हाच त्याचा घात. ओल शिरली की वेटोळी सैल पडतात. म्हणून ओल्या, जवसाचा लगदा लावलेल्या केसांत आधी बोटे, मग फार विरळ दातांचा कंगवा, आणि तोही टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे. असा कंगवा मिळत नसेल तर साध्या मोठ्या कंगव्याचे एकाआड एक दात पक्कडीने काढून कडा घासाव्यात; चार मिनिटांचे काम आहे.

हे सगळे न केल्यास काय होते? रोज प्रत्येकाच्या डोक्यातून पन्नास-शंभर केस सुटतात. सरळ केस खाली पडतो. वेटोळ्यांतला सुटलेला केस पडत नाही, शेजाऱ्याला गुंडाळून बसतो. त्यात फडातली धूळ, पाचटाची कुसळे, तेलाचा व साबणाचा साका. महिनाभर कंगवा लागला नाही की लोकर मळून नमदा व्हावा तसा एक गोळा तयार होतो. हीच जट. जिथे जट दिसली तिथे कोणीतरी म्हणते, देवी आली. आणि एकदा देवी आली म्हटले की त्या डोक्याला पाणी नाही, कंगवा नाही, कातर तर मुळीच नाही. मग गोळ्याची दोरी होते आणि दोरीचा दोरखंड.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका टोळीत अकरा वर्षांची मुलगी होती. केस घट्ट कुरळे. आई पहाटे चारला फडात जाई, रात्री गाडी भरून येई. कोपीत पाणी दोन घागरी, त्यात सहा माणसे. दिवाळीनंतर गेलेली मुलगी संक्रांतीला मानेवर तीन जटा घेऊन वावरत होती. पुढच्या हंगामात तिला गावीच आजीपाशी ठेवले, पण शाळेत पोरी शेजारी बसेनात, उवा पडतात म्हणून, आणि मोठी माणसे पाया पडू लागली. पाया पडणे हे त्यातले अधिक वाईट. पुढे तिला देवीला सोडायची बोलणी घरात सुरू झाली. महाराष्ट्राने देवदासी प्रथा बंद करणारा कायदा २००५ साली केला आहे, पण कायदा कोपीपर्यंत पायी येतो. आम्ही गेलो तेव्हा आजी म्हणाली, “बाबा, त्ये देवीचं हाय. तुमी कातर लावू नगा. घरात कुणी मेलं तर तुमी येनार हाव का?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या घरात दवाखान्याला पैसे नाहीत, तिथे संकटाचा खर्च कोण सोसणार, हेच ती विचारीत होती. तेव्हा आम्ही वाद घातला नाही. तुळजापूरची आई आमचीही कुलस्वामिनी. तिच्यापुढे हात जोडून टोळीतल्याच दोन बायांनी, कारखाना मोडतोडीसाठी बंद होता त्या दोन दिवसांत, आजीच्या मांडीवर डोके ठेवून त्या जटा सोडविल्या. दोन सुटल्या, एक कापावी लागली. घरात कोणी मेले नाही. मुलगी पुढे दहावी झाली.

जट सोडविण्याची रीत सांगून ठेवतो. नवी, बोटाएवढी असेल तर खोबरेलात रात्रभर भिजवून बोटांनी टोकाकडून उकलावी. जुनी असेल तर आडवी कापू नये. कातरीने उभ्या चिरा द्याव्यात, म्हणजे गोळ्याचे पदर होतात, आणि पदर लगदा लावून एकेक सोडवावेत. लांबी बरीच वाचते. वर्षांची, दोरखंड झालेली असेल तर ती कापणेच योग्य. आत जखमा असतात, मान अवघडलेली असते. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात शेकडो बायांच्या जटा अशा उतरविल्या आहेत, आणि त्यांच्या कामात कातरीपेक्षा आधीचे बोलणेच अधिक वेळ घेते. हे आपल्याच देशाचे लांच्छन आहे असेही नाही. पोलंडात अशी जट कापली तर माणूस आजारी पडतो असा समज एकोणिसाव्या शतकापर्यंत घट्ट होता, आणि क्राको शहराच्या युझेफ डिएटल नावाच्या डॉक्टराला तो रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे हे लोकांना पटविण्यात आपली उमेद खर्चावी लागली. जमैकातील रास्ताफारी लोक स्वखुशीने जटा राखतात आणि त्या धुतातही. त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही. अकरा वर्षांच्या मुलीची खुशी कोणी विचारली नव्हती, तक्रार तेवढीच.

केस सरळ करून टाकण्याचा मार्ग पुष्कळांना सोपा वाटतो. तालुक्याच्या गावीही आता ती सोय झाली आहे. अमेरिकेत वापरले गेलेले जुने जालीम औषध म्हणजे साबणाच्या कारखान्यातला कॉस्टिक सोडाच. तो हाताळणाऱ्या कामगाराच्या बोटांची दशा आम्हांला ठाऊक आहे. काही नव्या लेपांतून तापविल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते; ती गिऱ्हाइकाला एकदा लागते, पार्लरातल्या मुलीला रोज. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असली रसायने वारंवार वापरणाऱ्या बायांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. त्यावरून कारण सिद्ध झाले असे नाही, सावधगिरीला मात्र पुरेसे आहे.

त्याच अमेरिकेत केसांचा धंदा उभा करणारी मॅडम वॉकर ही १८६७ साली जन्मलेली, पूर्वाश्रमीच्या गुलामांची मुलगी, कैक वर्षे लोकांचे कपडे धूत होती. १९१७ साली तिने आपल्या विक्रेत्या बायांची परिषद फिलाडेल्फियात भरविली, आणि काळ्या लोकांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध त्या परिषदेने अध्यक्ष विल्सन यांना तार केली. तेलाच्या डब्या विकणाऱ्या बायांनी हे केले, हे आमच्या संघटनेच्या बैठकांत आम्ही मुद्दाम सांगतो. उलट १९८१ साली डोक्याला चिकटून वेण्या घातल्याबद्दल विमान कंपनीशी भांडणारी एक काळी कर्मचारी न्यूयॉर्कच्या न्यायालयात हरली. असा भेद बेकायदा ठरविणारा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियात २०१९ साली झाला. आपल्याकडे मॉलमध्ये वा रुग्णालयात नोकरीला गेलेल्या मुलीला ‘केस नीट करून ये’ म्हणतात, तेव्हा नीट म्हणजे सरळ असा अर्थ कोणत्या नियमात लिहिला आहे, हे विचारण्याची वेळ आली आहे.

टोळीपुरते आम्ही मुकादमांपुढे मांडतो ते साधे असते : कोपीमागे पाण्याची एक टाकी, आणि आठवड्यात बायांना अर्धा दिवस मोकळा. डोक्याला बांधायचे फडके सुती असते, ते केसांतली ओल पिते. त्याखाली जुन्या रेशमी किंवा नायलॉनच्या लुगड्याचा तुकडा घ्यावा, पाचटही कमी अडकते. रात्री उशीवर तोच अंथरावा.

राहिल्या उवा. विरळ कंगव्याने त्या निघत नाहीत आणि कोरड्या कुरळ्या केसांत फणी शिरत नाही, म्हणून शाळेत थेट मुंडण सुचविले जाते. त्याची गरज नाही. केस पूर्ण ओले करून जवसाचा लगदा किंवा खोबरेल भरपूर लावावे, विरळ कंगव्याने सारा गुंता आधी काढावा, मग बोटभर रुंदीच्या बटा पाडून प्रत्येक बट मुळापासून फणीने विंचरावी आणि दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात, तेव्हा दर तीनचार दिवसांनी असे दोन-तीन आठवडे करावे. आणि एकाच घरातल्या सगळ्यांचे एकाच दिवशी करावे, नाहीतर धाकटीच्या डोक्यातल्या थोरलीच्या डोक्यात येतात.